चौथा आवाज

१० फेब्रुवारी

गाडी आली. लाल, दोन दारांची, बुटकी. आत बसताना चांगलंच वाकावं लागतं, आणि उतरताना आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही ना हे आधी पाहून घ्यावं लागतं. पण एकदा बसलं की आपण राजे.

आजवर व्हॅन चालवली. तिचे गिअर आपोआप पडायचे आणि इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर जायचा. हिचे गिअर हाताने टाकायचे आणि जोर मागच्या चाकांना. म्हणजे इंजिन पुढे, जोर मागे, आणि दोघांना जोडणारा एक लांबलचक दांडा आपल्या बुडाखालून गरगरत जातो. हे मला शोरूममधल्या माणसाने समजावलं. तो प्रत्येक वाक्याला हसतो. नाव सांगितलं होतं त्याने, पण ते हसण्यात वाहून गेलं. मी त्याला हसऱ्या म्हणतो.

आमची ही म्हणाली, "साठी आली आणि गाडी घेतली विशीतली." मी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

भाची धावत खाली आली. माझ्या बहिणीची मुलगी. शिक्षण संपल्यापासून माझ्या हाताखाली पियानो लावायचं काम शिकते आहे. "मामा, मला दे ना रे एकदा चालवायला!" मी म्हटलं, "आधी ऐकायला शीक, मग चालवायला." आमच्या धंद्यात सगळा कारभार कानांवर असतो. पियानोत दोनशेच्या वर तारा, प्रत्येक पिळून पिळून सुरात आणायची, आणि आली की नाही ते कानांनी ठरवायचं. भाचीचा हात चांगला आहे. कानाला अजून वेळ लागेल.

१२ फेब्रुवारी

गाडीतून आवाज येतात.

हसऱ्याला फोन केला. तो हसला. म्हणाला, "साहेब, नव्या गाडीची ओळख व्हायला वेळ लागतो. कुठला आवाज कधी येतो ते लिहून ठेवा, मग बघू." मला टाळायलाच म्हणाला असणार, पण त्याला माहीत नाही गाठ कुणाशी आहे. म्हणून ही दैनंदिनी.

आवाज क्रमांक एक. ताशी साठच्या आसपास, मागच्या आसापाशी, घशातल्या घशात गुणगुणल्यासारखा. वेग वाढला की सूर चढतो, कमी झाला की उतरतो.

आवाज क्रमांक दोन. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की बुडाखालून 'ठक्'. पुन्हा दाबला की पुन्हा 'ठक्'.

आवाज क्रमांक तीन. गाडी सिग्नलला उभी, गिअर काढलेला, क्लचवरून पाय काढलेला. तेव्हा डब्यात गोट्या हलवल्यासारखी खडखड. क्लच दाबला की एकदम शांतता.

व्हॅनमध्ये यातलं काहीच नव्हतं. व्हॅन फक्त धूर सोडायची.

१३ फेब्रुवारी

हिला फेरफटक्याला नेलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुला काही आवाज येतो का गं?"

"येतो का म्हणजे? कानाला भोकं पडायची वेळ आली."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही माझ्याशी पहिल्या फटक्यात सहमत झाल्याचं आठवत नाही. मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून तिच्याकडे बघतच राहिलो.

"कधी येतो, सांग बघू."

"तुम्ही क्लच दाबला की."

झालं! अगं, क्लच दाबला की तो *बंद* होतो. हिला नेमकं उलटं कळलं होतं. मी तिला तीनदा दाबून दाखवला. तिने तिन्ही वेळा डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "पुरे, घरी चला." यंत्रातलं तिला काही समजत नाही, पण निदान बाजू तरी माझी घेतली.

१६ फेब्रुवारी

तक्रारी लिहितोय तर चांगलंही लिहायला हवं. गाडी उंची आहे, यात शंका नाही. वळणाचा दिवा लावला तर नुसता लुकलुकतो, व्हॅनसारखी टिकटिक नाही. पट्टा लावला नाही तरी ही गाडी कटकट करत नाही. व्हॅन सारखी टिंगटिंग करून जीव खायची. भाचीला मात्र धीर नाही. मी निघालो रे निघालो की शेजारून वाकून माझा पट्टा खटकन लावते आणि म्हणते, "मामा, कसं सहन होतं रे तुला?" मी म्हणतो, मला पट्ट्याचा काही त्रास होत नाही.

आणि गाडीचा रुबाब! कोपऱ्यावर सिग्नलला थांबून क्लच दाबला की माणसं वळून बघतात. आज एका बाईच्या कडेवरच्या पोराने तर दोन्ही हात कानांवर ठेवून गाडी पाहिली. आमच्या फाटकापाशी एक कुत्रा वर्षानुवर्षं पडून असायचा, लाथ मारली तरी हलायचा नाही. मी गाडी सुरू करतो तेव्हा तो आता उठून दुसऱ्या गल्लीत जातो. जनावरांनाही मान कुणाला द्यायचा हे कळतं. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका रोज मी निघताना खिडकीत येतात आणि खिडकी लावतात. त्यांच्या मनात काय असतं ते सांगता येत नाही, पण येतात हे खरं.

१९ फेब्रुवारी

संगीतशाळेतले दोन पियानो लावले. मी काम संपवून गाडीत येऊन बसलो. भाची नेहमीप्रमाणे मागे राहिली. "तू हो पुढे मामा, मी हत्यारं आवरून येते." तार पिळायची किल्ली, तारा मुक्या करायच्या लोकरी नमद्याच्या पट्ट्या, दोनचार लाकडी पाचरी आणि एक फडकं, एवढीच तर हत्यारं. त्याला एवढा वेळ लागतो? मी तोवर इंजिन चालू ठेवून क्रमांक तीन पोटभर ऐकला. ती आली तेव्हा घामाघूम झाली होती. हल्लीच्या पिढीत जोर म्हणून राहिलेला नाही.

शाळेतल्या बाई मागाहून दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "मागच्या वेळी वरचं सप्तक काय सुरेख लागलं होतं हो! दवबिंदू नुसते."

परतताना भाचीला म्हटलं, "ऐकलंस? याला म्हणतात अनुभव." ती खिडकीबाहेर बघत होती.

तसं खरं सांगायचं तर हल्लीच्या पियानोंना वरचे सूर नसतातच. शेवटच्या पट्ट्या दाबल्या की नुसती लाकडाची टकटक येते. कारखानदार माल वाचवतात. तिथे मी हाताच्या सवयीने तार पिळतो आणि सोडून देतो. ज्याला सवय आहे त्याला ऐकावं लागत नाही.

२१ फेब्रुवारी

मोठ्या सभागृहाच्या व्यवस्थापकांचा फोन. चौदा मार्चला बाहेरची एक नामांकित वादक येते आहे. मागच्या हिवाळ्यात तिच्याच कार्यक्रमाला पियानो मी लावला होता आणि तिने तक्रार केली होती, वरचे सूर बेसूर आहेत म्हणून. नाचता येईना अंगण वाकडं! तेव्हा भाची तापाने आडवी होती, मी एकट्याने लावला होता. तिची लुडबुड नाही, घाई नाही, अगदी मनासारखं काम झालं होतं. आणि त्यालाच तक्रार.

व्यवस्थापक म्हणाले, "या वेळी ती बाई स्वतः समोर बसणार आहे तुम्ही लावत असताना. पुन्हा तसं झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घेऊ नका म्हणे. सभागृह गेलं की चार दिवसांत गावभर होणार, मग शाळा जाणार, मग घरगुती कामं. दुकान मला भाचीच्या हाती द्यायचं आहे. बहिणीला मी शब्द दिलाय. रिकामं दुकान द्यायचं का तिला?

जाऊ दे. माझ्या कानांवर माझा विश्वास आहे. ज्याला गाडीच्या पोटातला दांडा ऐकू येतो त्याला पियानो ऐकू येणार नाही?

२३ फेब्रुवारी

आज फार महत्त्वाचा शोध लागला आणि थोडा अपमानही झाला.

क्रमांक एकचा सूर कुठला, हे पाहायचं होतं. म्हणून नादकाटा सोबत घेतला. हा दोन पायांचा पोलादी काटा आपटला की एकच पक्का सूर देतो, त्यावरून आम्ही पियानोची पहिली तार लावतो. हात स्टिअरिंगवर, तेव्हा काटा गुडघ्यावर आपटून दातांत धरला. दातांतून सूर थेट डोक्यात जातो, अगदी लख्ख. आणि काय सांगू, ताशी बासष्टला गाडीची गुणगुण आणि काटा एकजीव झाले! बोटभर इकडेतिकडे नाही. साठला जरा उतरलेला, चौसष्टला चढलेला, बासष्टला निखळ. मी तो वेग सोडेचना. मागे गाड्यांची रांग लागली. लागू दे. आयुष्यात रस्त्यावर असा सूर कितीदा मिळतो?

मग शेजारून मोटरसायकल आली आणि वाहतूक पोलीस बाईंनी हात केला. मी थांबलो.

"मागच्या चौकापासून शिट्टी मारतेय मी! ऐकू येत नाही का?"

"ऊं," मी म्हटलं.

"तोंडात काय आहे?"

मी काटा काढून दाखवला आणि सगळं नीट समजावलं. बासष्टचं गणितही सांगितलं. त्यांनी मला गाडीतून उतरवून सरळ रेषेत चालायला लावलं.

यावरून एक कळतं की पोलिसांच्या शिट्ट्याही आता पूर्वीच्या राहिल्या नाहीत. आमच्या किटलीची शिट्टीसुद्धा अशीच फुसकी निघाली आहे. मी शेजारी पेपर वाचत बसलेला असतो, आणि ही आतल्या खोलीतून धावत येऊन गॅस बंद करते.

२७ फेब्रुवारी

विजय!

भाचीला साक्षीला घेऊन शोरूमच्या मागच्या वर्कशॉपमध्ये गेलो. हसऱ्याला म्हटलं, बैस शेजारी. तो हसत बसला. मी इंजिन सुरू केलं, क्लच दाबला, पहिला गिअर टाकणार एवढ्यात त्याचं तोंड आंबट चिंच खाल्ल्यासारखं झालं.

"बाप रे! साहेब, हा तर चांगलाच आवाज आहे."

"अजून काहीच नाही," मी म्हटलं. "साठपर्यंत जाऊ दे."

"नको नको, ऐकला. स्पष्ट ऐकला. पुन्हा क्लच नका दाबू."

जाणकार तो जाणकार. आम्हाला ज्यासाठी रस्ता लागतो ते त्याने जागच्या जागी ओळखलं. म्हणाला, क्लचमधलं एक बेअरिंग खराब निघालंय, कंपनीकडून बदलून देतो. मी विचारलं, "एका बेअरिंगने सगळे आवाज जातील?" तो म्हणाला, "एकदम शांत होईल साहेब." मी विजयी मुद्रेने भाचीकडे पाहिलं. ती म्हणाली, "बरं झालं बाई. मामा, तू इतके दिवस तो आवाज कसा सहन केलास, कौतुक आहे." मी म्हटलं, ज्यांचे कान तयार असतात त्यांना सोसावंच लागतं.

२ मार्च

गाडी वर्कशॉपमध्ये. बसने गेलो. बसमध्ये सगळेच आवाज आहेत, त्यामुळे काही प्रश्न नाही.

५ मार्च

आज जे झालं ते लिहू की नको, असं बराच वेळ वाटत होतं.

गाडी घ्यायला भाची आणि मी गेलो. फाटकाबाहेर एक चक्कर मारली. भाची मान मागे टाकून म्हणाली, "आहाहा! किती शांत." आणि त्याच क्षणी बुडाखालून 'ठक्'. पुढे बासष्टला गुणगुण. सिग्नलला गोट्या. एकही आवाज हललेला नव्हता. मी गाडी तशीच वळवली आणि वर्कशॉपमध्ये जाऊन हसऱ्याचे कान उपटले. चारचौघांत. "काय बदललंत तुम्ही? माझे तिन्ही आवाज जसेच्या तसे आहेत!"

"तिन्ही?" तो म्हणाला. "साहेब, तो गुणगुणतो तो मागच्या आसाचा गिअर. ठक् होतं ते दांड्याच्या सांध्यांत थोडी ढील असते म्हणून. खडखड गिअरबॉक्सची. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हे असायचंच. तुमची तक्रार त्या किंकाळीची होती ना? ती गेली."

"कसली किंकाळी?"

त्याने खिशातून फोन काढला. "काम करायच्या आधी आम्ही आवाज भरून ठेवतो. हा बघा."

त्याने फोन माझ्यापुढे धरला. मी थांबलो. मग म्हटलं, "लाव की."

"लावलाय साहेब."

"मोठा कर."

त्याने मोठा केला. पलीकडच्या गाडीखाली झोपलेला मेकॅनिक सरकत बाहेर आला आणि ओरडला, "अरे बंद करा ते!" काउंटरवरच्या मुलीने कानांवर हात ठेवले. हसऱ्याचाही चेहरा वाकडा झाला होता. मला इंजिनाची हलकी घरघर तेवढी ऐकू येत होती. तिच्यावर काहीही नव्हतं.

मी भाचीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. जमिनीकडे बघत होती.

"हां हां," मी म्हटलं, "हाच तो. हाच."

हसऱ्या माझ्याकडे बघत राहिला. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

६ मार्च

कुठे गेलो नाही.

७ मार्च

खिडकीच्या कठड्यावर चिमणी बसली होती. मी म्हणत होतो यंदा पाखरं फिरकलीच नाहीत. काचेला नाक लावून पाहिलं. चोच उघडत होती, मिटत होती, उघडत होती. सगळं अंग हलत होतं तिचं. बराच वेळ बघत उभा राहिलो.

हिने मागून येऊन गॅस बंद केला. किटलीतून वाफेचा झोत निघत होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

तिने काय ते लगेच ओळखलं. "मागच्या हिवाळ्याच्याही आधीपासून असेल."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं की. एकदा तुम्ही म्हणालात किटली खराब आहे. एकदा म्हणालात मीच पुटपुटते. मग मी नाद सोडला."

मी विचारलं, भाचीला माहीत आहे का. ही खुर्ची ओढून समोर बसली. एवढं समोर ती सहसा बसत नाही.

"अहो, ती हत्यारं आवरत नसते."

एवढंच म्हणाली. बाकीचं मला कळलं. शाळेतले दवबिंदू, घामाघूम होऊन येणं, 'तू हो पुढे मामा'. मी गाडीत बसून गोट्या ऐकायचो आणि ती आत वरचं सप्तक पहिल्यापासून लावायची. आणि ती आजारी होती तेवढ्या एकाच वेळी तक्रार आली. म्हणजे अंगण सरळच होतं.

मला लाज वाटली. आधी राग आला, हिचा, मग तिचा, मग राग ठेवायला कुणी उरलं नाही आणि लाज वाटली. आधी ऐकायला शीक, असं मी त्या पोरीला किती वेळा ऐकवलं असेल.

१० मार्च

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. एका बंद खोलीत बसवतात, कानांवर डबडी लावतात आणि हातात बटण देतात. सूर ऐकू आला की दाबायचं. सुरुवातीला पटापट दाबलं. मग मी वाट पाहत बसलो. वाटलं, डॉक्टरीणबाई चहा प्यायला गेल्या असतील, मशीन पुढे सुरू करायचं विसरल्या असतील. मी काचेवर टकटक करणार, एवढ्यात त्या दार उघडून म्हणाल्या, "झालं हं."

खालचं सगळं उत्तम आहे म्हणाल्या. मधलंही. वरचं गेलंय. यंत्र लावू, बोलणं सुधारेल, पण पियानोच्या कामाला पूर्वीसारखं होणार नाही. मी विचारलं, गाडीच्या दांड्याचं? त्या म्हणाल्या, ते तुम्हाला माझ्यापेक्षाही चांगलं ऐकू येत असेल.

१२ मार्च

परवा सभागृह. तीन वाटा आहेत. एक, तब्येतीचं कारण सांगून काम सोडायचं. मग ते दुसरा माणूस आणणार आणि तो कायमचा बसणार. दोन, नेहमीसारखं लावायचं आणि नेहमीसारखं 'हत्यारं आवर' म्हणून भाचीला मागे सोडायचं. पण या वेळी ती वादक समोर बसणार. तिच्या देखत चोरून कसं आवरणार? तीन नंबरची वाट मला आवडत नाही.

भाचीला मी काहीच बोललो नाही. तिला माहीत आहे की मला कळलंय. मला माहीत आहे की तिला माहीत आहे. दोन दिवस आम्ही दुकानात एकमेकांना किल्ल्या आणि पाचरी देतोय आणि हवापाण्याबद्दल बोलतोय.

१४ मार्च

सकाळी दहाला सभागृह. रिकाम्या खुर्च्यांची रांगच्या रांग आणि मंचावर तो लांबलचक काळा पियानो. पहिल्या ओळीत वादक बसलेली. बारीक, पांढऱ्या केसांची, पायांत साधे कापडी जोडे. शेजारी व्यवस्थापक. त्यांनी "नमस्कार" म्हटलं तेही घाबरतच.

नादकाटा आपटला आणि पहिली तार लावली. खालची सप्तकं लावली, मधली लावली. हात चालत होता, कान चालत होते. एवढं छान काम माझ्या हातून खूप दिवसांत झालं नसेल. मग वर सरकलो. वर, अजून वर. आणि जिथून लाकडाची टकटक सुरू होते तिथे थांबलो.

भाची माझ्या मागे उभी होती. हळूच म्हणाली, "मामा, कर ना तू. मी नंतर बघते."

पोरगी तेव्हाही मला झाकायलाच बघत होती.  मी उठलो, किल्ली तिच्या हातात दिली आणि खाली वाकून व्यवस्थापकांना म्हटलं, "इथून पुढचं ही लावेल."

"पण काम तुमचं आहे," ते म्हणाले. त्यांचा रंग उडाला होता. "आज तरी तुम्हीच..."

"मागच्या वेळी मीच लावलं होतं," मी म्हटलं. "एकट्याने. तक्रार आली ना? ती खरी होती. मला वरचं ऐकू येत नाही."

मोठ्या सभागृहात आवाज फार चांगला पसरतो. माझं वाक्य शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन आलं असेल. व्यवस्थापक वादकाकडे बघायला लागले. वादक भाचीकडे बघत होती.

"लाव बेटा," ती म्हणाली.

भाचीने सुरुवात केली.  मी मंचाच्या कडेला स्टुलावर बसलो. मला टक टक टक एवढंच येत होतं, म्हणून मी वादकाच्या भुवयांकडे पाहत राहिलो. तार बेसूर असली की त्या भुवया जवळ यायच्या. भाची किल्ली केसभर फिरवायची, भुवया थोड्या सैल व्हायच्या. अजून केसभर, आणि कपाळ साफ. मग पुढची तार. असं एकेक करत अख्खं सप्तक मी त्या बाईच्या कपाळावर ऐकलं. शेवटी शेवटी भाची माझ्या आधी थांबायला लागली. म्हणजे मला वाटायचं अजून थोडं हवं, तर कपाळ आधीच साफ.

काम झाल्यावर वादक मंचावर चढली आणि उजव्या टोकाच्या पट्ट्यांवर पाणी उडवल्यासारखी बोटं फिरवली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने डोळे मिटले.

"पुढच्या वर्षीही हीच मुलगी हवी," ती व्यवस्थापकांना म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "खालचे सूर कुणी लावले? तुम्ही? खालचे सूर असे लागलेले मी कित्येक वर्षांत ऐकले नव्हते." हे ती चांगुलपणाने म्हणाली की खरंच, ते मला कळलं नाही. मी खरंच असं धरून चाललो आहे.

ती दोघं गेली. भाची म्हणाली, "मामा, तू हो पुढे, मी हत्यारं..." आणि जीभ चावली.

"आज मी आवरतो," मी म्हटलं. "तू हो पुढे."

किल्ली, नमद्याच्या पट्ट्या, पाचरी, फडकं. पिशवीत टाकलं आणि चेन ओढली. हत्यारं आवरायला काहीच वेळ लागत नाही. मी बाहेर आलो तर ती अजून पायऱ्यासुद्धा उतरली नव्हती.

गाडीपाशी पोचल्यावर मी डावीउजवीकडे न बघता चावी तिच्या हातात दिली आणि दुसऱ्या बाजूने वाकून आत बसलो. ती दारातच उभी. "मला? खरंच?"

"बैस. पट्टा लाव. माझाही लाव, गाडी ओरडत असेल."

"ओरडतेय," आत बसून चावी फिरवत ती म्हणाली, आणि डोळे पुसत हसायला लागली. माझीही तीच गत झाली होती, म्हणून आम्ही थोडा वेळ समोरच्या भिंतीकडे बघत बसलो.

मग तिने इंजिन सुरू केलं, अर्धाच क्लच दाबला आणि पहिला गिअर टाकला. असा भयंकर कर्रर्र आवाज झाला की सभागृहाचा रखवालदार खोलीबाहेर आला. गाडी सशाने उडी मारावी तशी उडाली आणि बंद पडली. आवाज क्रमांक पाच. पायाच्या तळव्यापासून दातांपर्यंत मला ऐकू आला, अगदी लख्ख.

ती स्टिअरिंगला घट्ट धरून घाबरून माझ्याकडे वळली. "मामा, केवढा आवाज झाला ना?"

मी समोर बघत म्हटलं, "कुठला आवाज?"